कंचेभागुबेव, संख्यामालिका आणि पाचवीतली लेक: सराव घ्यायचा तरी कसा?

शेवंती (शनिवार, सकाळी ११:२०)

नमस्कार मंडळी. दिवाळीची सुट्टी लागली, म्हणून आता निवांत धागा काढतेय.

लेक पाचवीत आहे, सेमीला. यंदाच्या (२०२५-२६) शिष्यवृत्तीलाही बसवली आहे. परवा तिची वही चाळत होते, तर एका गणितावर लाल फुली:

१० − ४ + ३ = ३

मी म्हटलं, अगं ९ ना? तर ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. बे आधी, मग व. मी आधी ४ + ३ = ७ केलं. मग १० − ७. नियमानेच केलं ना?" मला उत्तरच सुचेना. माझं ९ आलं ते सवयीनं. नियम तर मीही हाच पाठ केला होता, आणि नियमाप्रमाणे पोरगी बरोबर दिसते आहे!

दुसरं दुखणं संख्यामालिकेचं. आमच्याकडच्या सरावपुस्तकात "२, ४, ८, ?" असं तीनच पदांचं कोडं होतं. हिने १४ लिहिलं, मागच्या उत्तरसूचीत १६. हिचं म्हणणं, आधी २ वाढले, मग ४ वाढले, आता ६ वाढणार. मला तेही पटलं. आता मी काय सांगू?

घरात मतं अशी: सासूबाई म्हणतात पाढे घोकून घ्या, सगळं सुटेल. नवरा म्हणतो ॲप लावून दे. मला रोज वीस मिनिटं मिळतात, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. त्यात काय करून घेऊ? जाणत्यांनी सांगा.

---

फळा_खडू (शनिवार, दुपारी १२:०५)

शेवंतीताई, आधी लेकीची पाठ थोपटा. तिने नियम प्रामाणिकपणे पाळला, नियमच अर्धवट सांगितला गेलाय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दरवर्षी निम्म्या वर्गाची हीच फुली असते.

कंचेभागुबेव म्हणताना भा-गु ही एक पायरी आणि बे-व ही एक पायरी. बेरीज आणि वजाबाकी एका पाटावर बसलेल्या बहिणी आहेत, थोरली-धाकटी नाहीत. त्या दोघींमध्ये जी डावीकडे असेल ती आधी. हे वाक्य फळ्यावर लिहिलं जातं, पण सूत्र म्हणताना जीभ एकापाठोपाठ एकच घसरते, म्हणून पोरांना तो उतरता क्रम वाटतो.

पण नियम सांगून भागत नाही, हे तुम्हाला कळलंच आहे. मी वर्गात एसटी आणतो. गाडीत १० माणसं. स्टँडवर ४ उतरली, ३ चढली. किती? पोरं ओरडतात नऊ. मग फळ्यावर १० − ४ + ३ लिहायचं. आता दुसरी गोष्ट: खिशात १० रुपये. ४ ची पेन्सिल घेतली, ३ चा खोडरबर घेतला. किती उरले? तीन. हे कसं लिहाल? इथे पोरं अडतात, आणि मग कुणीतरी कंस शोधून काढतं: १० − (४ + ३). म्हणजे तुमच्या लेकीनं जे उत्तर काढलं ते खोडरबराच्या गोष्टीचं होतं, आणि पुस्तकात एसटी होती.

गुणाकार आधी का, हेही असंच. २ + ३ × ४. दोन सुटी बिस्किटं आणि चार-चारचे तीन पुडे. १४. आधी २ + ३ करणारा माणूस सुट्या बिस्किटांनाही पुडे समजतो. हा संकेत आहे हे खरं, पण उगाच कुणाच्या डोक्यातून आलेला नाही.

तेव्हा सराव काय? रोज दहा पदावल्या (१० − ४ + ३ सारख्या मांडण्या) सोडवण्याऐवजी रोज दोन पदावल्यांच्या गोष्टी सांगायला लावा. आणि दोन गोष्टींच्या पदावल्या लिहायला लावा. किंमत नंतर काढू दे.

---

सांजवात (शनिवार, दुपारी १२:३१)

एसटी आणि खोडरबर! वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

उलटा_पाढा (शनिवार, दुपारी १:१५)

गुरुजींशी सहमत, पण एक मजा सांगतो. (पेशानं संगणकवाला आहे, सवय वाईट.)

"भा आधी, गु नंतर" असं शब्दशः पाळलं तरी उत्तर चुकत नाही! ४ × ६ ÷ ३ घ्या. डावीकडून गेलात तर २४ ÷ ३ = ८. भागाकार आधी केलात तर ४ × २ = ८. फार तर ६ × ५ ÷ ३ मध्ये ५ ला ३ ने भाग जात नाही म्हणून पोरगं अडेल, चुकणार नाही. पण "बे आधी, व नंतर" शब्दशः पाळलं की गाडी घसरते, कारण वजाबाकीचं चिन्ह फक्त शेजारच्या आकड्याचं असताना आपण ते पुढच्यालाही चिकटवतो. म्हणजे सूत्राचा पहिला अर्धा भाग नशिबानं निभावतो आणि दुसरा अर्धा फसवतो. "कंचेभागुवबे" असतं तर हा धागाच निघाला नसता. १० − ४ + ३ मध्ये वजाबाकी आधी केली की ९. ३ + १० − ४ मध्येही ३ + ६ = ९.

---

परदेशी_पारिजात (शनिवार, सायंकाळी ६:५०)

इथे न्यू जर्सीत उलटी तऱ्हा. यांच्याकडे सूत्र "पेमडास", त्यात गुणाकाराचं अक्षर आधी आणि भागाकाराचं नंतर. त्यामुळे २४ ÷ ४ × २ ला पोरं ४ × २ = ८ करून ३ लिहून मोकळी. उत्तर १२. उलटा_पाढांच्या हिशेबात आमचा पहिला भागही फसवतो आणि दुसराही. बे-व चा क्रम इथेही तसाच आहे.

मुलगा इथे पाचवीत आहे, अभ्यासक्रमात हे दोन्ही विषय एकाच गटात येतात: कंसाच्या पदावल्या आणि आकड्यांचे आकृतिबंध. एक गोष्ट मला आवडली. पदावली न सोडवता वाचायला लावतात. उदा. मी घरी विचारलं, ३ × (४५६७ + ८९) हे (४५६७ + ८९) च्या किती पट? बेरीज करायची नाही. मुलगा लगेच पेन्सिल घेऊन बेरजेला बसला. हात धरून थांबवावं लागलं. मग वैतागून म्हणाला, "तीन पटच ना, हे काय गणित आहे?" बाबा रे, हेच गणित आहे.

आणि आकृतिबंधात दोन माळा शेजारी लिहायला देतात. एक ० पासून तीन-तीन वाढणारी, दुसरी ० पासून सहा-सहा.

०, ३, ६, ९, १२
०, ६, १२, १८, २४

खालचा प्रत्येक आकडा वरच्याच्या दुप्पट. का? हा "का" विचारला की गंमत सुरू. पुढचं पद काय, यापेक्षा हे बरं वाटतं.

---

दुकानदार_पंत (शनिवार, रात्री ९:१०)

मोबाईलवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्या गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ = दाबा. २० येतं. तेच मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १४. पुतण्याला दाखवलं तर म्हणाला काका तुमचं मशीन बिघडलं. बिघडलं नाही, ते बिचारं जसं कानावर येईल तसं करत जातं, पुढं गुणिले येणार हे त्याला माहीतच नसतं.

मग आम्ही दुकानदार काय करतो? एम प्लस, म्हणजे आलेला आकडा लक्षात ठेवून बेरजेत टाकणारं बटण. गिऱ्हाईकानं ४५ ची ३ पाकिटं आणि ६० ची २ घेतली, ५०० ची नोट दिली. ३ × ४५ एम प्लस, २ × ६० एम प्लस, एम आर दाबलं की २५५. पाचशेतून गेले, २४५ परत. पुतण्याच्या वहीत हेच ५०० − (३ × ४५ + २ × ६०) होतं. एम प्लस म्हणजे आमचा कंस! पन्नास वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, परवा मलाच कळलं.

---

फळा_खडू (शनिवार, रात्री ९:४०)

पंत, दंडवत. हे उद्या वर्गात नेणार. सुट्टी आहे, तर सुट्टीनंतर.

कॅल्क्युलेटरवरून आठवलं, बरोबरच्या चिन्हाची खोड. त्या बटणानं पोरांना शिकवलंय की "=" म्हणजे "आता उत्तर येणार". म्हणून वहीत असलं दिसतं:

५ + ३ = ८ × २ = १६ − ४ = १२

उत्तर बरोबर, लिहिलेलं सगळं खोटं. ५ + ३ हे १२ कसं असेल? आणि ८ + ४ = □ + ५ दिलं की चौकटीत १२ लिहितात. काही बहाद्दर ५ मिळवून १७ लिहितात. तराजूची दोन पारडी काढून दाखवली की मग ७ सापडतो. पाचवीच्या बालभारतीत शेवटी बीजगणिताची पूर्वतयारी आहे, ती हीच. शेवटचं प्रकरण म्हणून घाईत उरकतात, आणि सहावीत समीकरणं आली की रडारड.

शेवंतीताई, घरी करून बघण्यासारखं: एक आकडा द्या, समजा १२, आणि तो दहा तऱ्हांनी लिहायला सांगा. निदान दोनांत कंस पाहिजे. २ × (१ + ५) = २० − ८ असं आपणहून लिहिलं की समजा चिन्ह कळलं.

---

निमकी_पाऊणकी (रविवार, सकाळी ६:३०)

वय वर्षे ७४. तुम्ही सगळे पाढ्यांना मोडीत काढता आहात असे दिसते. शेवंतीबाई, तुमच्या सासूबाईंचे काही चुकत नाही. आम्ही दिवेलागणीला परवचा म्हणत असू. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. साडेतीन रुपये शेराने सात शेर किती, हे औटकीतून तोंडावर यायचे: औट साती साडेचोवीस. ज्याला सात आठी छप्पन्नसाठी बोटे मोजावी लागतात तो कंसात काय दिवे लावणार? त्याचे सगळे लक्ष बोटांवर.

आणि पाढा म्हणजे नुसती घोकंपट्टी हे म्हणणाऱ्यांनी एकोणीसचा पाढा लिहून पाहावा. १९, ३८, ५७, ७६, ९५, ११४, १३३, १५२, १७१, १९०. एककाची घरे पाहा: ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १, ०. उतरत गेली. त्यापुढची पाहा: १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५, १७, १९. विषम संख्या ओळीने. तुमचे आकृतिबंध की काय ते पाढ्यातच आहेत. आधी पाठ, मग पाहणे.

---

परदेशी_पारिजात (रविवार, सकाळी ७:१५)

काका, एकोणीसचं सुंदर आहे. पण "आधी पाठ, मग पाहणे" का? मी तर पाहिल्यावर पाठ होईल असं म्हणेन. १९ म्हणजे वीसला एक कमी. दर पायरीला वीस वाढवा, एक काढा. म्हणून दशक दोननं वर, एकक एकनं खाली. एकोणीस या शब्दातच ते लिहिलंय.

---

निमकी_पाऊणकी (रविवार, सकाळी ७:४०)

पाहिल्यावर पाठ होते हे मला मान्य नाही. पाहिले की पाहिले असे वाटते, आणि आठ दिवसांनी विसरते. पण शब्दाचे तुम्ही म्हणता ते खरे.

---

उलटा_पाढा (रविवार, सकाळी १०:२०)

अवांतर: शब्दांवरून २०१९ चा गदारोळ आठवला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस-बावीसच्या जोडीला "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं, आणि मराठीचा खून झाला म्हणून सगळीकडे बोंब. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की पोरांना लिहिताना आकड्यांची उलटापालट होते म्हणून हे. "पंचवीस"मध्ये पाच आधी ऐकू येतो आणि लिहायचा नंतर. माझ्या भाच्यानं ५२ लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. अवांतर समाप्त.

आता शेवंतीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघितलंच नाही. २, ४, ८, ? ला १६ की १४? दोन्ही बरोबर. चूक कोड्याची. तीन पदं देऊन "नियम ओळखा" म्हणणं म्हणजे माणसाचा अंगठा दाखवून नाव विचारणं.

आणि पाच पदं दिली तरी खात्री नाही. वर्तुळावर ठिपके घ्या, प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येकाशी रेषेनं जोडा, आत किती तुकडे पडतात ते मोजा. १ ठिपका, १ तुकडा. २ ठिपके, २. मग ४, ८, १६. सहा ठिपक्यांना किती? बत्तीस म्हणाल. कागद घेऊन मोजा (तीन रेषा एकाच बिंदूतून जाऊ देऊ नका). ३१ येतात. माझा एक रविवार यात गेलाय.

---

फळा_खडू (रविवार, दुपारी ११:५०)

तुमचं खरं, पण ताईंच्या लेकीला परीक्षेला बसायचंय. यंदा पाचवीच्या शिष्यवृत्तीत दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, दीड तास. म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. ३१ की ३२ यावर चिंतन करायला वेळ नसतो. चार पर्याय दिलेले असतात आणि १४ आणि १६ दोन्ही त्यात आले तर ती प्रश्न काढणाऱ्याची चूक, त्यासाठी परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची लावून आक्षेप मागवते. तिथे मांडा.

सरावात मी शेजारच्या पदांतला फरक खाली लिहायला लावतो. फरक सारखा नसेल तर फरकांचा फरक. तोही जमला नाही तर भागून बघ. तेही नाही तर एक सोडून एक पद बघ, दोन माळा एकात गुंफलेल्या असतात. पण ताई, लेकीनं १४ का लिहिलं हे तिला सांगता आलं, ही गोष्ट गुणांपेक्षा मोठी आहे. उत्तरसूचीत १६ असलं तर तुम्ही वहीत १४ वर बरोबरची खूण करा आणि शेजारी १६ चा नियमही तिलाच शोधायला सांगा.

---

देवळाली_कँप (रविवार, दुपारी ३:०५)

एवढा धागा झाला आणि कापरेकरांचं नाव नाही? आमच्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तर होते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. सराव म्हणाल तर त्यांच्याइतका गोड सराव कुणी दिला नसेल.

चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. २०२५ घेऊन करतो:

५२२० − ०२२५ = ४९९५
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर करा: ७६४१ − १४६७ = ६१७४. अडकली गाडी. कुठलीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत इथेच येते. पोरांना "हातच्याच्या वीस वजाबाक्या करा" म्हटलं तर पळतात, हे दिलं तर स्वतःहून तीस करतात, आणि वजाबाकी चुकली की बहुतेक वेळा आपोआप कळतं, कारण बरोबर उत्तराच्या अंकांची बेरीज नेहमी ९ च्या पटीत येते. उत्तरसूची लागतच नाही.

आणि २०२५ मुद्दाम घेतली. (२० + २५)² = ४५ × ४५ = २०२५. संख्येचे दोन तुकडे करून मध्ये अधिक टाकलं, कंस घातला, वर्ग केला, तीच संख्या परत. ३०२५ आणि ९८०१ वर करून पाहा. ज्यांच्या वर्गाचं असं होतं त्या ४५, ५५, ९९ यांना कापरेकर संख्या म्हणतात. कंस काढला तर काय होतं तेही लेकीला करू द्या: २० + २५² म्हणजे ६४५. कंसाची किंमत कळते.

डोंबिवलीकरांसाठी: १२१, १२३२१, १२३४३२१ या घराण्याला त्यांनी "डेम्लो संख्या" म्हटलं, ते डोंबिवली स्टेशनावर सुचलं म्हणून. ११ × ११, १११ × १११, ११११ × ११११.

---

सांजवात (रविवार, दुपारी ३:४०)

डोंबिवलीच्या फलाटावर लोकांना फक्त चौथी सीट सुचते, तिथे या माणसाला हे सुचलं.

---

दुकानदार_पंत (रविवार, दुपारी ४:२०)

३०२५ जमलं. ५५ × ५५. गिऱ्हाईक थांबवून केलं.

---

ठिपका (रविवार, रात्री ८:३०)

मी गणितवाली नाही, पण दिवाळी आहे म्हणून लिहिते. सगळे जण आकृतिबंध आकृतिबंध म्हणताय, तो दारात काढतात हो!

ठिपक्यांची रांगोळी. "१५ ते ८" म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर-खाली दोन्हीकडे एकेक कमी होत ८ वर थांबायचं, ठिपके मधोमध येतील असे. लहान मुलींना आम्ही "३ ते २" पासून शिकवायचो, मग "५ ते ३", "७ ते ४". एकदा भाचीनं विचारलं, मावशी एकूण ठिपके किती गं? तेव्हापासून माझ्या वहीत हे लिहिलेलं आहे:

३ ते २: ७ ठिपके
५ ते ३: १९
७ ते ४: ३७
९ ते ५: ६१
११ ते ६: ९१
१३ ते ७: १२७
१५ ते ८: १६९

मधे एकच ठिपका धरला तर सुरुवात १. आता फळा_खडू गुरुजींसारखं खाली फरक लिहा: ६, १२, १८, २४, ३०, ३६, ४२. सहाचा पाढा! का, ते दारातच दिसतं. सहा बाजूंची रांगोळी आहे, दर वेळी बाहेरून एक कडं चढतं.

---

परदेशी_पारिजात (रविवार, रात्री ९:०५)

ठिपकाताई, खुर्चीतून उठले. आम्ही दोघं मायलेक आता कागदावर ठिपके मांडून बसलोय. एकाच रांगोळीच्या तीन पदावल्या झाल्या. १५ ते ८ साठी:

ओळींनी मोजलं तर: २ × (८ + ९ + १० + ११ + १२ + १३ + १४) + १५
कड्यांनी मोजलं तर: १ + ६ × (१ + २ + ३ + ४ + ५ + ६ + ७)
आणि मुलानं मधला ठिपका सोडून उरलेल्याचे तीन सारखे तिरके चौकोन पाडले, प्रत्येकात ७ ओळी, ओळीत ८ ठिपके: ३ × (७ × ८) + १

तिन्हीची किंमत १६९. ठिपके तेच, बघायच्या तऱ्हा तीन. मधे बरोबरचं चिन्ह टाकलं आणि त्यानं विचारलंसुद्धा नाही की उत्तर कुठाय.

---

फळा_खडू (रविवार, रात्री ९:२०)

बस. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा शाळेच्या पटांगणात. खडूचे ठिपके.

---

निमकी_पाऊणकी (रविवार, रात्री ९:३०)

सहाचा पाढा पाठ असल्याशिवाय ओळखू आला नसता, एवढेच नमूद करतो.

---

शेवंती (मंगळवार, सायंकाळी ७:४५)

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहायला फुरसत झाली नाही, फराळ आणि ठिपके.

एसटीची गोष्ट सांगितली. लेक म्हणाली, "मग आधीच सांगायचं ना एसटी आहे म्हणून!" आता ती प्रत्येक पदावलीला विचारते, एसटी की खोडरबर. काल आजीनं तिला पंधरा चकल्या दिल्या, तिने सहा बाबांना आणि दोन मला वाटल्या आणि वहीत १५ − (६ + २) लिहून आणलं. ६१७४ च्या अठरा वजाबाक्या झाल्या, त्यातल्या दोन चुकल्या आणि तिच्या तिलाच सापडल्या. सासूबाई खूश, कारण सहाचा पाढा. ॲप अजून कुणी उघडलेलं नाही.

ठिपकाताई, तुमची १५ ते ८ काल काढली. पण एक घोळ झालाय. शेजारची मुलगी १३ बाय १३ ची चौकोनी रांगोळी काढत होती. लेकीनं तिचे ठिपके मोजले. १६९! आपल्याइतकेच. षटकोनाचे ठिपके विसकटून तितक्याच ठिपक्यांचा पूर्ण चौकोन. ती विचारतेय, असं आणखी कुठल्या रांगोळीत होतं? ७, १९, ३७, ६१, ९१, १२७ आम्ही तपासले, एकही वर्ग नाही. पुढे २१७, २७१, ३३१, ३९७ पर्यंत गेलो, नाही. मला काही सुचत नाही.

---

उलटा_पाढा (मंगळवार, रात्री ८:३०)

हा प्रश्न पाचवीतल्या मुलीचा? तिला माझा सलाम कळवा.

चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून पाहिलं. एकच ठिपका हा फुकटचा वर्ग सोडला तर पहिली तुमची १६९. तिच्यानंतरची थेट २०९ ते १०५ ची रांगोळी. ठिपके ३ × (१०४ × १०५) + १ = ३२७६१. आणि १८१ × १८१ = ३२७६१. मधे एकही नाही.

---

ठिपका (मंगळवार, रात्री ८:५०)

२०९ ते १०५?! अंगण केवढं आहे तुमचं शेवंतीताई?

---

शेवंती (मंगळवार, रात्री ९:३५)

दहा बाय बारा फूट. दोन ठिपक्यांत दीड सेंटिमीटर ठेवलं तर मधली ओळ २०८ × १.५, म्हणजे ३१२ सेंटिमीटर. सव्वादहा फूट. बारा फुटांच्या बाजूनं बसते! लेक ठिपक्यांचा डबा घेऊन निघालीच होती. मग तिच्या बाबांनी विचारलं, सेकंदाला एक ठिपका टाकलास तरी किती वेळ लागेल? ३२७६१ ÷ ३६०० मांडलं. नऊ तास आणि वर सहा मिनिटं. रेषा वेगळ्याच, आणि मधे जेवण नाही.

म्हणाली, उद्या पुन्हा १५ ते ८ च काढू.